‘सुरक्षित’ शब्दाने केलेला घात

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेतील नववीच्या एका विद्यार्थिनीचा शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरावयाचा होता. वडील रिक्षा चालवितात. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, हा तर आपल्या इंदूरकडचा रिवाजच. सर्व रकाने भरून झाल्यावर पडद्याच्या तळाशी दोन बटणे दिसली. एकावर ‘सुरक्षित करें’ आणि दुसऱ्यावर, काहीशा फिकट अक्षरांत, ‘अंतिम रूप से जमा करें’. बापलेकीने पहिले दाबले. माहिती सुरक्षित झाल्याची हिरवी अक्षरे उमटली. वडिलांनी मला विचारले, “सर, झालं ना?” ती अक्षरे पाहून मीही म्हणालो, “झालं.” मुदत टळल्यावर कळले, की अर्ज कच्च्या मसुद्याच्या रूपातच पडून होता. मुलीची त्या वर्षीची शिष्यवृत्ती गेली.

इंग्रजी ‘सेव्ह’चा संगणकातील अर्थ एवढाच, की लिहिलेला मजकूर यंत्राच्या स्मृतीत ठेवणे. हिंदी करणाऱ्याने त्यासाठी ‘सुरक्षित’ योजिला. आपल्या कानाला मात्र सुरक्षित म्हणजे निर्धास्त. मराठीतील ‘जतन करा’ हा पर्यायही तितकाच फसवा आहे. कोशाच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही. पण बटण दाबणारा कोश उघडून बसत नाही. हे दाबल्याने माझे काम पुढे सरकेल काय, एवढेच त्याला हवे असते.

ही अडचण संगणकाइतकीच जुनी म्हणावी लागेल. १९८३ साली बाजारात आलेल्या ॲपल कंपनीच्या ‘लिसा’ या संगणकाची आधी सामान्य माणसांकडून चाचणी घेण्यात आली. त्यात एका बटणावर ‘डू इट’, म्हणजे ‘हे कर’, असे लिहिले होते. दोन शब्दांतील अंतर थोडे आणि अक्षरांचे वळण असे, की काहींनी ते ‘डोल्ट’, म्हणजे ‘मठ्ठ’, असे वाचले. यंत्र आपल्याला मठ्ठ का म्हणते, असे एकाने रागाने विचारले! तेव्हा तेथे ‘ओके’ आले. ‘ओके’नेही सारे सुटले असे नाही. ‘आपण हा व्यवहार रद्द करू इच्छिता?’ या प्रश्नाखाली ‘ओके’ आणि ‘रद्द’ अशी बटणे असली, तर ‘रद्द’ दाबल्याने व्यवहार रद्द होतो, की रद्द करणे रद्द होते? ‘व्यवहार रद्द करा’ आणि ‘व्यवहार चालू ठेवा’ एवढे लिहिण्यास जागा का पुरू नये?

हा झाला निष्काळजीपणा. काही ठिकाणी तर शब्द हेतुपुरस्सर वाकवितात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ क्लृप्त्यांना आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांतील एक उदाहरण मला विशेष बोचले. विमा नको असलेल्या ग्राहकाकडून ‘मी असुरक्षित राहीन’ अशा अर्थाचे वाक्य वदवून घेऊन त्याला लाजविणे! येथेही शब्द तोच.

यंदा अर्जांच्या दिवसांत मी शाळेतील संगणकाशेजारी पुठ्ठा टांगला: ‘पावतीचा क्रमांक वहीत उतरविल्याखेरीज उठू नये.’ ती मुलगी आता अकरावीत आहे. तिने आपला अर्ज स्वतः भरला, क्रमांक मला वाचून दाखविला आणि म्हणाली, “सर, आता म्हणा, झालं.”