इन्सुलिनची फॉस्फेट-परीक्षा

बेंगळुरूच्या बायोकॉनने व्हिएट्रिस कंपनीच्या साथीने आणलेल्या इन्सुलिन ग्लार्जिनला जुलै २०२१ मध्ये अमेरिकेत मूळ औषधाच्या जागी थेट देता येण्याजोगे औषध म्हणून मान्यता मिळाली. असे इन्सुलिन मूळ औषधासारखेच आहे हे केवळ रचना जुळवून ठरत नाही. युरोपीय नियामकांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रयोगशाळेत आणखी एक गोष्ट पाहावी लागते: पेशीवरच्या इन्सुलिन-ग्राहीवर त्यामुळे फॉस्फेट किती चढते?

मधुमेहाच्या चर्चेत साखरेचे आकडे असतात, हे फॉस्फेट कधीच नसते. माझ्या मते ते यायलाच हवे.

निरोप देण्यासाठी इन्सुलिनला पेशीत शिरावे लागत नाही. ५१ अमिनो आम्लांचा हा रेणू ग्राहीच्या बाहेरच्या भागाला चिकटतो. त्यासरशी ग्राहीचा आकार बदलतो आणि पेशीपटलाच्या आतल्या बाजूचे त्याचे दोन भाग एकमेकांच्या टायरोसिन या अमिनो आम्लावर एटीपीमधले फॉस्फेट बसवतात. फॉस्फेटमुळे वाढणारे वस्तुमान जेमतेम ८० डाल्टन, पण त्याचा ऋणभार मोठा. तेवढ्याने नवी प्रथिने तिथे येऊन जुळतात, निरोप एकेटी नावाच्या किनेजपर्यंत, म्हणजे फॉस्फेट चढवणाऱ्या विकरापर्यंत पोचतो, आणि स्नायूपेशीत ग्लुकोज आत घेणारी प्रथिने पटलावर येतात.

फॉस्फेट चढले की काम सुरू, असे मात्र नाही. जीएसके-३ हे विकर एरवी ग्लायकोजेन सिंथेजवर फॉस्फेट चढवून त्याला रोखून धरते. एकेटी या जीएसके-३ वरच फॉस्फेट चढवते आणि ते थंडावते. मग फॉस्फेट काढणारी विकरे सिंथेजला मोकळे करतात आणि ग्लुकोजची साठवण सुरू होते. फॉस्फेट चढवण्या-उतरवण्याचा हा खेळ क्रेब्ज आणि फिशर या जीवरसायनशास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकात सिएटलमध्ये उलगडला; १९९२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

टाइप-२ मधुमेहात अनेकदा रक्तात इन्सुलिन भरपूर असते, ग्राहीही असतात. बिनसते ते पुढे. ग्राहीलगतच्या आयआरएस प्रथिनावर टायरोसिनऐवजी सेरीनच्या काही जागांवर फॉस्फेट जास्त बसते आणि निरोप क्षीण होतो. रक्ततपासणीत हे दिसत नाही.

ते दिसते वस्तुमान-वर्णपटमापीवर. बेंगळुरूतच २००२ मध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मेटिक्समध्ये असे काम चालते. प्रथिनांचे तुकडे करून त्यांतला कोणता ८० डाल्टनने जड भरतो ते शोधायचे, मग फॉस्फेट नेमके कुठल्या अमिनो आम्लावर आहे ते ठरवायचे. पेशी फोडताना फॉस्फेट काढणारी विकरे लगेच रोखावी लागतात, नाहीतर मोजण्याआधीच खुणा पुसल्या जातात.