दुसरा रिमोट कुणाच्या हातात?

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते भरून झाले, की विषय हमखास मुलांच्या मोबाइलवर येतो. ‘गेम’ हा शब्द निघाला, की साऱ्याजणींच्या कपाळावर आठ्या! पण मैत्रिणींनो, पैठणी वेगळी आणि इरकल वेगळी हे आपल्याला लांबूनही कळतं ना? तसंच व्हिडिओ गेमचंही आहे. पूर्वेचे, म्हणजे मुख्यतः जपानचे जुने गेम आणि पश्चिमेचे, म्हणजे अमेरिका-युरोपचे जुने गेम, यांची वीणच निराळी.

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा गेम आपल्याकडे घरोघरी आला. त्यात पिवळी कॅसेट घालायची. वर लिहिलेलं ‘९९९९ इन वन’, आत मात्र तेच ते थोडे खेळ फिरून फिरून यायचे! ही यंत्रं म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या यंत्राची स्वस्त नक्कल होती. ही कंपनी मूळची पत्ते बनवणारी, क्योटो शहरात १८८९ साली सुरू झालेली. तिचा १९८५चा ‘सुपर मारिओ’ आठवून पाहा. वाट ठरलेली, उजवीकडे पळत राहायचं. खड्डा कुठे, कासव कुठे, हे पाढ्यांसारखं पाठ करायचं. सगळे जीव संपले, की पुन्हा श्रीगणेशा. आणि मधेच लोडशेडिंग झालं, तर खेळ संपलाच! हिंगोली काय, वसमत काय, आपल्या भागात हे काही नवीन नव्हतं.

पश्चिमेचे बरेच गेम वाढले ते कॉम्प्युटरवर. अमेरिकेच्या विल राइट यांनी १९८९ साली ‘सिमसिटी’ आणला. त्यात शत्रू नाही की राजकन्या नाही. आपणच गाव वसवायचं, रस्ते आखायचे, वीज द्यायची, कर लावायचा. पुढे १९९१च्या आगीत त्यांचं स्वतःचं घर जळालं. पुन्हा संसार मांडताना सुचलेल्या कल्पनेतून २०००चा ‘द सिम्स’ हा गेम उभा राहिला. घर मांडायचं, माणसांचं खाणं-झोपणं बघायचं, नाती सांभाळायची. म्हणजे आपण रोज करतो तेच की! थोडक्यात, जपानी खेळ म्हणतो, ‘ही वाट, चालून दाखव.’ पश्चिमेचा खेळ म्हणतो, ‘हे अंगण, काय मांडायचं ते मांड.’ अपवाद दोन्हीकडे आहेत, पण ढोबळ फरक हा असा.

आता आपल्या कामाची गोष्ट. १९८० साली जपानमध्ये ‘पॅक-मॅन’ आला. तोवर तिथल्या खेळघरांत गोळीबाराचे खेळ, आणि गर्दी पुरुषांची. तोरू इवातानी यांना वाटलं, बायकांनीही इथं यावं. म्हणून त्यांनी मारामारी सोडून खाण्याचा विषय घेतला. तोंड उघडून ठिपके गट्टम करणारा तो पिवळा गोळा असा जन्मला!

त्याच वर्षी अमेरिकेत रॉबर्टा विल्यम्स या दोन मुलांच्या आईने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून रहस्यकथेचा गेम रचला, चित्रंही स्वतः काढली. नवऱ्याने त्याचं प्रोग्रॅमिंग केलं. ‘मिस्टरी हाउस’ त्याचं नाव. प्लास्टिकच्या पिशवीत घालून विकलेल्या या गेममधून पुढे त्यांची मोठी कंपनी उभी राहिली. म्हणजे एकाच वर्षी पूर्वेने बाईला खेळायला बोलावलं, आणि पश्चिमेत एका गृहिणीने खेळच घडवला.

आणि आपल्याकडे? टीव्ही गेमला रिमोट दोन असायचे. पहिला भावाचा, दुसरा बहिणीचा, हे न सांगता ठरलेलं. मारिओत दोघं खेळायला बसलं, तर पहिल्याचा मारिओ मेल्यावरच दुसऱ्याच्या लुइजीची पाळी. भाऊ तरबेज असला, की बहीण आपली बसलीय वाट बघत! तेवढ्यात आतून हाक यायची, ‘अगं, कणीक मळायला घे.’ संपली पाळी. माझ्या पिढीतल्या कितीजणींनी लुइजीला नुसतं उभं असलेलं पाहिलंय, विचारा. ‘कॉन्ट्रा’त मात्र दोघं एकाच वेळी लढायचे, तिथं भावालाही बहीण हवी असायची.

हा टीव्ही गेम निदान घरात होता. पश्चिमेचे गेम आपल्या गावांत पोचले ते २००० नंतर, बरेचसे नेट कॅफेतून. तिथं मुलांचा घोळका. मुलगी आत गेली तर फॉर्म भरण्यापुरती. म्हणजे ज्या खेळात स्वतःच्या मनाने काही मांडता येतं, नेमका तोच आपल्या मुलींच्या हाती लागला नाही. चूक जपानची नाही, अमेरिकेचीही नाही. रिमोट कुणाच्या हातात द्यायचा, हे आपल्याच घरात ठरत होतं.

आज खेळ मोबाइलमध्ये आलाय. नवी मुंबईच्या कंपनीचा ‘लुडो किंग’ २०१६ साली आला, आणि २०२०च्या लॉकडाऊनमध्ये सासू-सुना, नणंदा-भावजया सगळ्याजणी तो खेळल्या. मूळ आपलाच पचिसीचा पट तो, इंग्लंडला जाऊन लुडो होऊन परत आलेला! तेव्हा बायकांना गेम जमत नाही, असं आता कुणी म्हणू नये.

म्हणून एक सुचवते. मुलांच्या हातातला मोबाइल ओढून घेण्याआधी दहा मिनिटं शेजारी बसा. हा गेम नुसतं पळायला लावतोय, का काही रचायला लावतोय, एवढं बघा. पैसे लावायचा असेल, तर मात्र तिथल्या तिथे बंद! आणि घरात मोबाइल एकच असेल, तर मुलाइतकाच वेळ मुलीला घड्याळ लावून द्या. तिची पाळी चालू असताना तिला पोळ्या लाटायला हाक मारू नका. कणीक दहा मिनिटं मुरली, तर पोळी मऊच होते!