आकाशांतील बोलणें व जमिनीवरील ऐकणें

टेलिफोनवर सांगितलेलें 'साठ' पलीकडे 'सात' म्हणून ऐकूं जाणें, हा शहरांतील घराघरांतला अनुभव आहे. तेवढ्यानें फार तर दुकानांतून भलताच जिन्नस घरीं येतो आणि घटकाभर हंशा होतो. परंतु बोलणारा विमानतळाच्या मनोऱ्यांत बसलेला नियंत्रक असेल, आणि ऐकणारा मिनिटाला दीड मैल वेगानें जमिनीकडे येणारा वैमानिक असेल, तर एका अक्षराच्या फरकाला निराळेंच मोल येतें.

हौसेनें किंवा कामासाठीं स्वतःचें लहान विमान चालविणाऱ्या खाजगी वैमानिकाची स्थिति यांत विशेष अवघड असते. प्रवासी विमानांत दोघे वैमानिक असतात; एक विमान सांभाळतो, तेव्हां दुसरा नियंत्रकाशीं बोलतो. लहान विमानांत हीं दोन्ही कामें बहुधा एकट्यालाच करावीं लागतात. उतरतांना वेग, उंची, वारा आणि आसपासचीं विमानें या सर्वांवर त्याची नजर हवी. आणि नेमक्या त्याच वेळीं कानांत सूचनांची गर्दी होते. नियंत्रकाची बाजूही सोपी नाहीं. त्याला वैमानिकाचा चेहरा दिसत नाहीं. हा मुरलेला आहे कीं नवशिका, सावध आहे कीं गोंधळलेला, हें केवळ आवाजावरून त्यानें ताडावयाचें असतें.

त्यांतच यंत्राची एक मर्यादा आहे. टेलिफोनप्रमाणें येथें दोघांना एकाच वेळीं बोलतां येत नाहीं. बोलण्यासाठीं कळ दाबावयाची आणि ऐकण्यासाठीं ती सोडावयाची. शिवाय एका नियंत्रकाच्या देखरेखीखालील विमानें सामान्यतः एकाच लहरीवर बोलत असतात. दोघांनीं एकदम कळ दाबली, तर त्यांचे शब्द कर्कश शिटींत बुडून जातात. आणि बोलणाऱ्यांना मात्र त्याचा पत्ताही नसतो.

या अडचणी ओळखूनच विमानविद्येंत शब्द बांधून दिलेले आहेत. इंग्रजींतील 'फाईव्ह' आणि 'नाईन' हे आंकडे खरखरींत सारखेच ऐकूं येतात. म्हणून पांचाला 'फाइफ' व नवाला 'नाइनर' म्हणावें, असा संकेत आहे. 'रॉजर' या शब्दाचा अर्थ 'तुमचा निरोप पोंचला' एवढाच. 'होय' किंवा 'तसें करतों' असा नव्हे. 'तसें करतों' यासाठीं 'विल्को' हा वेगळा शब्द आहे. याहून महत्त्वाचा नियम असा कीं, धांवपट्टी, उंची यांसारखी सूचना मिळतांच वैमानिकानें ती परत म्हणून दाखवावी आणि नियंत्रकानें ती लक्षपूर्वक ऐकून चूक असल्यास तत्काळ सुधारावी. सांगणें, परत म्हणणें आणि पारखणें, अशी ही तीन दुव्यांची सांखळी आहे.

ती तुटली म्हणजे काय होतें, हें १९ फेब्रुवारी १९८९ रोजीं क्वालालंपूरजवळ दिसलें. सिंगापूरहून आलेलें एक मालवाहू बोइंग ७४७ विमान उतरण्याच्या तयारींत होतें. त्याला २,४०० फुटांपर्यंत उतरण्याची सूचना मिळाली, ती 'टू फोर झीरो झीरो' अशा सुट्या आंकड्यांत. इंग्रजींत 'टू' म्हणजे दोन, आणि 'टू' म्हणजे 'पर्यंत'ही. वैमानिक समजले, ४०० फुटांपर्यंत. त्यांनीं उत्तरही 'फोर झीरो झीरो' असें दिलें. पण त्यांतील चूक कोणी सुधारली नाहीं. विमानांतील धोक्याची सूचना देणारें यंत्र ओरडत होतें, त्याकडेही दुर्लक्ष झालें. विमान टेकडीवर आदळलें व आंतील चारही जण मृत्यु पावले. तीच उंची 'दोन हजार चारशें' अशी सांगितली असती, तर घोटाळ्याला जागाच उरली नसती.

तथापि प्रत्येक वेळीं शब्दच चुकीचा ऐकला जातो, असें नाहीं. ९ जून २०१६ रोजीं अमेरिकेंतील ह्यूस्टन शहराच्या हॉबी विमानतळावर चार आसनांचें एक खाजगी विमान उतरूं पाहत होतें. मागून बोइंग ७३७ हें अधिक वेगाचें विमान येत असल्यामुळें त्याला उतरणें सोडून पुन्हां वर जाण्यास सांगण्यांत आलें. प्रथम ४ क्रमांकाची धांवपट्टी नेमून दिली होती, ती बदलून ३५ क्रमांकाची देण्यांत आली. वळणें, दिशा, इतर विमानें यांविषयींच्या सूचना एकामागून एक येत राहिल्या आणि चालकाकडून त्यांना नम्रपणें होकार मिळत राहिला. पुढें दोनदां विमान फार उंच राहिल्यामुळें उतरूं शकलें नाहीं. अखेरच्या वेळीं वर जातांना पुरेसा वेग येण्यापूर्वींच पंखांच्या मागील झडपा मिटल्या गेल्या. विमानाचा तोल सुटला, तें कोसळलें आणि तिघांचा अंत झाला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें या अपघाताची चौकशी केली. विमान वर नेण्याची चुकीची रीत हें त्यानें मुख्य कारण ठरविलें. पण आणीबाणीच्या क्षणीं नियंत्रकानें दिलेली अनावश्यक गुंतागुंतीची सूचना आणि वैमानिकानें ठामपणा न दाखविणें, यांचाही हातभार त्यांत लागला, असें नमूद केलें.

हा शेवटचा मुद्दा विशेष चिंतनीय आहे. मनोऱ्यांतून येणारा आवाज अधिकाराचा असतो. नवख्या माणसाला तो शाळेंतील गुरुजींच्या आज्ञेसारखा वाटतो आणि 'समजलें नाहीं' असें म्हणण्याचा संकोच होतो. वास्तविक विमानाच्या सुरक्षिततेविषयीं अखेरचा निर्णय वैमानिकाचाच, असें कायदाच सांगतो. सूचना पाळणें शक्य नसेल, तर 'अनेबल', म्हणजे 'जमणार नाहीं', हा एकच शब्द पुरेसा आहे. ऐकूं आलें नाहीं, तर 'पुन्हां सांगा' असें विचारण्यास मोकळीक आहे. शिकाऊ वैमानिकानें आपण शिकाऊ आहों हें आधींच सांगावें, म्हणजे नियंत्रक सावकाश बोलतो व सूचना थोडक्यांत देतो.

विमान सुखरूप उतरविण्यास कुशल हात लागतात, हें सर्वांस ठाऊक आहे. पण न समजलेल्या गोष्टीला 'होय' न म्हणण्याचें धैर्यही त्या कौशल्याचाच भाग आहे. आणि समोरच्याला तसें म्हणण्यास अवसर देणें, हें मनोऱ्यांतील माणसाचें कर्तव्य आहे.