पाणी, कचरा, रस्ते : उमेदवाराचे मत किती, नगरसेवकाचा अधिकार किती?

पुणे महानगरपालिकेच्या निर्वाचित सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ रोजी संपली. त्यानंतर नव्या सभागृहासाठी मतदान झाले ते थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या सुमारे पावणेचार वर्षांच्या काळात शहराचा कारभार राज्य शासनाने नेमलेल्या प्रशासकाच्या हाती होता. त्यामुळे या निवडणुकीत दारोदारी फिरणाऱ्या उमेदवारांपुढे नागरिकांनी मांडलेले प्रश्न जुने असले, तरी ते ऐकून घेण्यासाठी हक्काचा माणूस दीर्घ काळानंतर प्रथमच समोर आला होता.

महापालिका निवडणुकीतील उमेदवाराची मते सहसा ठरलेल्या विषयांभोवती फिरतात. पुरेसे पाणी, खड्डेमुक्त रस्ते, कचऱ्याची विल्हेवाट, वाहतूक कोंडीतून सुटका आणि करात सवलत हे ते विषय होत. पक्ष बदलला तरी पत्रकातील मजकूर फारसा बदलत नाही. मात्र यांपैकी कोणते आश्वासन नगरसेवकाच्या अधिकारात बसते आणि कोणते बसत नाही, याचा उलगडा पत्रकात क्वचितच असतो. तो करून घेतल्याशिवाय उमेदवाराच्या मतांचे खरे मोल ठरविता येत नाही.

सरपंचही नाही, नगरसेवकही नाही

राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-यू नुसार नागरी स्थानिक स्वराज्य संस्थेची मुदत पाच वर्षांची असून ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण होणे अपेक्षित आहे. महाराष्ट्रात इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांवरील न्यायालयीन वादामुळे ती लांबत गेली. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि पुढे त्यासाठी ३१ जानेवारी २०२६ ही अंतिम मर्यादा घालून दिली.

या विलंबाची सर्वाधिक झळ बसली ती शहराच्या सीमेवरील गावांना. जून २०२१ अखेर पुणे महापालिकेच्या हद्दीत २३ गावे नव्याने समाविष्ट झाली. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे, वाघोली, मांजरी बुद्रुक ही त्यांपैकी काही. समावेशाबरोबर तेथील ग्रामपंचायती संपुष्टात आल्या. पुढच्या वर्षी महापालिकेचे सभागृहही विसर्जित झाले. परिणामी या गावांतील रहिवाशांना सुमारे साडेचार वर्षे स्वतः निवडून दिलेला सरपंच नव्हता आणि नगरसेवकही नव्हता. त्यात भर म्हणजे गावांच्या नियोजनाचे काम २०२१ मध्ये महापालिकेऐवजी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपविण्यात आले. इमारतींना परवानगी देणारी संस्था एक आणि त्या इमारतींना पाणी पुरविण्याची जबाबदारी असलेली संस्था दुसरी, अशी विचित्र स्थिती निर्माण झाली.

पाणी : प्रमाण आणि शुद्धता

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बारी सिंड्रोम, अर्थात जीबीएस या आजाराचे रुग्ण अचानक वाढले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. हातापायांत अशक्तपणा येतो आणि काही रुग्णांना कृत्रिम श्वासोच्छ्वासाची गरज भासते. आजार स्वतः संसर्गजन्य नाही, परंतु दूषित अन्नपाण्यातून होणाऱ्या जंतुसंसर्गानंतर तो उद्भवू शकतो. पुणे आणि परिसरात त्या उद्रेकात दोनशेहून अधिक संशयित रुग्ण आढळले व काहींचा मृत्यू झाला. अनेक रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला.

रुग्ण ज्या भागात एकवटले होते, त्यांत नांदेड आणि किरकटवाडी या नव्याने समाविष्ट गावांचा समावेश होता. तेथे शुद्धीकरण केंद्रातून आलेले पाणी नव्हे, तर विहिरीतील पाणी केवळ क्लोरीन मिसळून दिले जात असल्याचे त्या वेळी समोर आले. विशेष म्हणजे शहराची तहान भागविणारे खडकवासला धरण या गावांच्या अगदी लगत आहे. धरण दिसते, पण त्याचे शुद्ध केलेले पाणी नळाला येत नाही, हा तेथील रहिवाशांचा अनुभव होता.

या पार्श्वभूमीवर उमेदवार जेव्हा ‘मुबलक पाणी’ देण्याचे आश्वासन देतो, तेव्हा त्याचे दोन भाग पाडून पाहणे आवश्यक ठरते. पहिला भाग प्रमाणाचा. पुण्याला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांतून पाणी मिळते. शहराच्या पूर्व भागासाठी भामा आसखेड धरणातून पाणी आणणारी योजना २०२१ च्या प्रारंभी कार्यान्वित झाली. धरणांतून शहराने किती पाणी उचलावे, हे मात्र महापालिका ठरवीत नाही. तो विषय राज्याच्या जलसंपदा विभागाचा आहे. खडकवासल्याच्या कालव्यावर दौंड आणि इंदापूर तालुक्यांतील शेतीही अवलंबून असल्याने या वाटपावरून शहर आणि ग्रामीण भाग यांच्यात वारंवार तणाव निर्माण होतो. त्यामुळे शहराचा पाणीकोटा वाढवून आणण्याचे वचन एकट्या नगरसेवकाला पाळता येण्याजोगे नाही.

दुसरा भाग वितरण आणि शुद्धतेचा. उपलब्ध पाणी कोणत्या भागात किती जावे, जलवाहिनी कुठे टाकावी, शुद्धीकरण केंद्र कधी उभारावे, गळती कशी रोखावी, पाण्याचे नमुने किती वेळा तपासावेत आणि त्याचे अहवाल जाहीर करावेत किंवा नाही, हे सर्व महापालिकेच्या कक्षेत येते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये पाणीपुरवठ्याची गणना महापालिकेच्या बंधनकारक कर्तव्यांत केली आहे. या भागाविषयी उमेदवाराचे मत स्पष्ट असेल, तर ते खरोखर उपयोगाचे ठरते.

हा प्रश्न केवळ पुण्याचा नाही. स्वच्छतेसाठी देशभर नावाजलेल्या इंदूरमध्ये डिसेंबर २०२५ अखेरीस भागीरथपुरा वस्तीत दूषित पाण्यामुळे नागरिकांचे बळी गेले. जबाबदारीची वाटणीही शहरागणिक बदलते. दिल्लीत पाणीपुरवठा महापालिकेकडे नसून दिल्ली जल मंडळाकडे आहे. हैदराबाद आणि बंगळूर येथेही त्यासाठी स्वतंत्र मंडळे आहेत. साहजिकच, पुण्यातील उमेदवाराला पाण्याबद्दल जो जाब विचारता येतो, तोच दिल्लीतील महापालिका उमेदवाराला तशाच स्वरूपात विचारता येत नाही.

रस्ते आणि वाहतूक

रस्त्यांच्या बाबतीत मालकी हा कळीचा मुद्दा आहे. शहरांतर्गत रस्ते, पदपथ, पथदिवे आणि पावसाळी गटारे यांची जबाबदारी महापालिकेची. नवले पुलाजवळून जाणारा महामार्ग मात्र राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या अखत्यारीत येतो. तेथील उतारावर २० नोव्हेंबर २०२२ रोजी चाळीसहून अधिक वाहने एकमेकांवर आदळली होती. अपघातग्रस्तांमध्ये शहरातील नागरिक असले, तरी त्या रस्त्याची रचना बदलण्याचा निर्णय महापालिकेच्या सभागृहात होत नाही. वाहतूक पोलीस राज्याच्या गृह विभागाच्या अधिकारात आहेत, तर मेट्रोची उभारणी महामेट्रो या केंद्र व राज्य शासनाच्या संयुक्त कंपनीने केली.

बससेवेचे स्थान या दोहोंच्या मधले आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांच्या परिवहन संस्थांचे विलीनीकरण होऊन २००७ मध्ये ‘पीएमपीएमएल’ ही कंपनी स्थापन झाली. तिला दोन्ही महापालिका अर्थसाहाय्य देतात. त्यामुळे उमेदवाराने वाहतूक कोंडी फोडण्याची घोषणा करण्यापेक्षा बसगाड्यांसाठी अंदाजपत्रकात किती तरतूद व्हावी आणि प्रभागातील कोणते पदपथ चालण्यायोग्य करावेत, याविषयी मत मांडणे अधिक सयुक्तिक ठरते.

कचरा : आपल्या दारातून कुठे?

कचऱ्याबाबत उमेदवारांचे मत बहुधा एकच असते : तो वेळेवर उचलला जावा आणि त्याचा प्रकल्प आपल्या प्रभागात नसावा. ही दोन्ही मते नागरिकांनाही प्रिय असतात. परंतु प्रत्येक प्रभागाने अशीच भूमिका घेतली, तर कचरा शहराबाहेरच्या कोणाच्या तरी दारात जाणार, हे उघड आहे. पुण्याच्या बाबतीत ते दार अनेक वर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांचे होते. तेथील कचरा डेपोविरुद्ध ग्रामस्थांनी वेळोवेळी आंदोलने केली. ही गावे २०१७ मध्ये महापालिकेत आली आणि २०२४ मध्ये स्वतंत्र नगरपरिषदेसाठी पुन्हा बाहेरही पडली.

शहरात घरोघरचा कचरा गोळा करण्याचे मोठे काम ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था करीत आली आहे. या संस्थेशी होणारा करार, सेवाशुल्क, कचरावेचकांच्या सुविधा आणि ओला कचरा प्रभागातच जिरविण्याचे प्रकल्प या बाबी महापालिकेच्या निर्णयकक्षेत येतात. त्यामुळे कचऱ्यासंबंधी उमेदवाराला विचारण्याचा खरा प्रश्न ‘कधी उचलणार’ एवढाच नसून ‘कुठे नेणार’ हाही आहे. आपल्या प्रभागात लहानसा प्रकल्प स्वीकारण्याची तयारी दाखविणारा उमेदवार कदाचित काही मते गमावील. पण त्याचे मत विचारपूर्वक बनलेले आहे, असे मानता येईल.

अंदाजपत्रक : नगरसेवकाचे खरे हत्यार

महाराष्ट्रातील महापालिकांत कार्यकारी अधिकार महापौरांकडे नसून आयुक्तांकडे असतात आणि आयुक्तांची नियुक्ती राज्य शासन करते. महापौरांची निवड सदस्यांमधून अडीच वर्षांसाठी होते. इंदूर वा भोपाळप्रमाणे त्यांना मतदार थेट निवडून देत नाहीत. यावरून नगरसेवक अधिकारहीन असतो, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. त्याचे सामर्थ्य सभागृहात आणि विशेषतः अंदाजपत्रकात असते.

आयुक्त अंदाजपत्रकाचा मसुदा १६ सदस्यांच्या स्थायी समितीपुढे मांडतात. समिती त्यात फेरबदल करते आणि शेवटी मुख्य सभा त्याला मंजुरी देते. मालमत्ता कराचे व पाणीपट्टीचे दर ठरविण्याचा अधिकारही मुख्य सभेचाच. मोठ्या रकमेच्या निविदांना स्थायी समितीची मान्यता लागते. प्रशासकाच्या काळात ही सारी साखळी एकाच टेबलावर आली होती. २०२५-२६ साठी पुणे महापालिकेचे १२,६१८ कोटी रुपयांचे अंदाजपत्रक मांडणारा आणि त्याला मंजुरी देणारा अधिकारी एकच होता. जीबीएसच्या उद्रेकानंतर नांदेडच्या विहिरीचा प्रश्न मुख्य सभेत उपस्थित करणारा, आयुक्तांना उत्तर द्यावयास लावणारा आणि ते उत्तर नोंदवून घेणारा एकही निर्वाचित सदस्य अस्तित्वात नव्हता. प्रशासनाने त्या काळात केलेल्या उपाययोजनांविषयी दुमत असू शकेल. त्यांचा जाब विचारण्याचे घटनात्मक स्थान रिकामे होते, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

अर्थात सभागृह अस्तित्वात असले म्हणजे सर्व काही आपोआप सुरळीत होते असेही नाही. प्रभागातील छोट्या कामांसाठी मिळणारा निधी बाके, नामफलक आणि पुन्हा पुन्हा उखडल्या जाणाऱ्या फरशांवर खर्च झाल्याच्या तक्रारी पुणेकरांना अपरिचित नाहीत. शिवाय २०२६ च्या निवडणुकीत शहराचे १६५ सदस्य ४१ प्रभागांतून निवडले गेले. ४० प्रभागांत प्रत्येकी चार आणि एका प्रभागात पाच सदस्य, अशी ही रचना आहे. एकाच प्रभागाचे चार प्रतिनिधी असले, की पाण्याची तक्रार नेमकी कोणाकडे न्यावी, असा संभ्रम निर्माण होतो आणि जबाबदारी एकमेकांवर ढकलण्यास वाव मिळतो.

मतांची कसोटी

उमेदवाराच्या मतांची पारख करण्यासाठी मतदाराला कायद्याचा अभ्यासक असण्याची गरज नाही. तीन साधे प्रश्न पुरेसे आहेत. दिलेले आश्वासन महापालिकेच्या अधिकारातील आहे काय? असल्यास त्यासाठी पैसा अंदाजपत्रकाच्या कोणत्या भागातून येणार? आणि नसल्यास उमेदवार त्या विषयाचा पाठपुरावा कोणाकडे, कोणत्या मार्गाने करणार? उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण आणि त्याच्यावरील फौजदारी प्रकरणे यांची माहिती देणारे शपथपत्र सार्वजनिक असते. त्याच्या जोडीला या तीन प्रश्नांची उत्तरे ठेवली, तर निवड करणे बरेच सुकर होते.

मतदानानंतरही मतदाराचे काम संपत नाही. पुणे महापालिकेत २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी प्रभागातील कामे सुचविण्याची पद्धत रूढ झाली आहे. शहरातील १५ क्षेत्रीय कार्यालये आणि तेथील प्रभाग समित्या हे नागरिकांना सर्वांत जवळचे व्यासपीठ आहे. उमेदवाराने प्रचारात मांडलेले मत प्रभाग समितीच्या इतिवृत्तात कितीदा उमटले, हे तेथे तपासता येते.

नांदेड-किरकटवाडीच्या रहिवाशांच्या दृष्टीने या साऱ्याचा अर्थ अगदी साधा आहे. महापालिकेत आल्यानंतर साडेचार वर्षांनी त्यांनी प्रथमच नगरसेवक निवडून दिला. नळाला येणारे पाणी तपासलेले आहे काय, हे ज्याला विचारायचे, असा माणूस आता त्यांच्याकडे आहे. हा प्रश्न मुख्य सभेत विचारला जातो की नाही, यावरूनच प्रचारातील मतांचे मोल ठरणार आहे.