अर्ध्या मीटरचा हिशेब

भिवंडीत कुठल्याही गल्लीत शिरलं की मागांची खटखट आधी कानावर येते, कारखाना नंतर दिसतो. त्या आवाजात आयुष्य गेलेल्यांना तो ऐकू येत नाही. तो जरा जरी बदलला तरी मात्र लगेच ऐकू येतो. एका गाळ्यात मी बराच वेळ उभा होतो. आठ माग एकट्याने सांभाळणारा कारागीर माझ्याकडे पाठ करून तुटलेला धागा जोडत होता. मागच्या ओळीतल्या एका मागाची खटखट किंचित जड झाली आणि त्याची मान वळली. माग थांबवून त्याने आडवा धागा नेणारा धोटा बाहेर काढला आणि टोकावरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडकलं. डोळ्यांना दिसणारही नाही इतकी बारीक कड टोकावर उठली होती. त्याने खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढला, चार-पाच वेळा घासलं, पुन्हा नख फिरवून पाहिलं आणि माग सुरू केला. दोन मिनिटंही लागली नाहीत.

ती दोन मिनिटं म्हणजे देखभाल. तीच कड पुढे ताण्याचे, म्हणजे उभे, धागे ओरबाडत राहिली असती, धोटा मध्येच अडकला असता, शेकडो धागे एकदम तुटले असते आणि कुणीतरी दोन-तीन तास गाठी मारत बसलं असतं. ती दुरुस्ती. या दोन्हींना आपण 'मेंटेनन्स' हे एकच नाव देतो आणि वहीत दोन्ही खर्च एकाच रकान्यात लिहितो. पुढच्या बऱ्याच गैरसमजांचं मूळ या एका रकान्यात आहे.

"चालता माग थांबवला की नुकसान"

हा सगळ्यांत जुना समज, आणि सगळ्यांत महाग पडणारा. आकडे मांडून पाहू. समजा साधा माग मिनिटाला १५० पिकं टाकतो, म्हणजे धोटा तेवढ्या वेळा आरपार जातो. कापड इंचाला ६० पिकांचं आहे. म्हणजे मिनिटाला अडीच इंच कापड. धागा तुटणं, धोट्यातली कांडी बदलणं यात जाणारा वेळ वजा केला, तर दहा मिनिटांत साधारण अर्धा मीटर कापड निघतं. व्यापाऱ्यासाठी मजुरीवर चालणाऱ्या मागाला समजा इंचातल्या दर पिकामागे मीटरला ६ पैसे मिळतात, तर मीटरला ३ रुपये ६० पैसे होतात. म्हणजे दहा मिनिटं माग थांबवण्याची किंमत १ रुपया ८० पैसे. चोवीस मागांच्या कारखान्यात आठवड्यातून एकदा प्रत्येक माग दहा मिनिटं थांबवला, साफ केला, तेल दिलं, बोल्ट तपासले, तरी बुडणारी मजुरी ४३ रुपयांच्या आसपास.

आता दुसरी बाजू. १०० मीटरच्या ताक्यात बाण्याचे, म्हणजे आडव्या धाग्याचे, दोष निघाले आणि व्यापाऱ्याने मीटरला दोनच रुपये कापले, तर एका ताक्यात २०० रुपये गेले. जवळपास पाच आठवड्यांच्या देखभालीचे पैसे एका ताक्यात बुडाले. ज्याच्या हातात पेन्सिल आहे त्याने हा हिशेब आपल्या दराने आणि आपल्या पिकांनी करून पाहावा. आकडे बदलतील, कल बदलणार नाही.

मग देखभाल होत का नाही? आळस किंवा अडाणीपणा हे त्याचं कारण नाही. कारागिराची मजुरी मीटरवर असते. माग थांबला की मालकाचे थोडे पैसे जातात, पण कारागिराच्या पाळीच्या कमाईतूनही ते जातात, आणि बारा तासांच्या पाळीत तो थांबणार कधी? शिवाय हात दोन आणि माग आठ. एका मागाला तेल देत बसलं तर उरलेल्या सात मागांवर धागा तुटलेला कळत नाही. म्हणजे साफसफाई आणि तेलपाणी हे काम आपण अशा माणसाकडे सोपवलं आहे ज्याला त्याचे पैसे मिळत नाहीत आणि जो ते करायला मोकळाही नाही. जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा मिस्त्री, येतो तो माग बंद पडल्यावर. बंद पडण्याआधी त्याच्याकडे बघण्याचं काम कुणाच्याच नावावर नाही. माझ्या मते भिवंडीतल्या देखभालीचा खरा प्रश्न हा आहे. त्या दहा मिनिटांचे पैसे कारागिराला वेगळे द्यावेत, किंवा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी अर्धा दिवस ठरलेल्या पगारावर हेच काम करून घ्यावं. बाकीचे सगळे उपाय त्यानंतर.

आणि देखभालीचा प्रश्न फक्त कापडापुरता नाही. धोटा सेकंदाला दहा-बारा मीटर वेगाने जातो. त्याला ठोसा देणाऱ्या पिकरचं भोक झिजून वाकडं झालं की धोटा सरळ निघत नाही, आणि कधीतरी मागाबाहेर उडतो. समोरच्या ओळीत उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्याला किंवा कपाळाला तो लागला, तर त्याचा हिशेब कुठल्याच वहीत बसत नाही. पिकर ही अगदी स्वस्त वस्तू आहे. ती वेळेवर बदलायला हवी, एवढंच.

"तेल-ग्रीस जितकं जास्त तितकं बरं"

बेअरिंगमध्ये ग्रीस ठासून भरलं की आतले गोळे ते घुसळत राहतात, घर्षण वाढतं आणि बेअरिंग तापतं. मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा ते फार तर निम्मा भाग भरलेला पुरतो. जास्तीचं ग्रीस मोटरच्या गुंडाळीपर्यंत पोहोचतं आणि त्यावर कापसाची लव चिकटून थर बसतो. मागाचंही तेच. हात सैल सोडून ओतलेलं तेल थेंबाथेंबाने कापडावर उतरतं आणि डाग पडलेला ताका परत येतो. प्रत्येक जागेला किती थेंब आणि किती दिवसांनी, हे एकदा लिहून भिंतीवर लावलं की नवा माणूसही चुकत नाही.

"ठरावीक महिन्यांनी सगळं खोलून बदललं की निर्धास्त"

वरवर शहाणपणाचा वाटणारा हा समज खोडून निघाला तो विमानांच्या जगात. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या किनारी विभागासाठी काम करणारे शास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन यांनी विमानांच्या बिघाडांच्या नोंदी तपासल्या. दर ५० तासांच्या ठरलेल्या तपासणीनंतर बिघाड कमी व्हायला हवे होते. ते लगेच वाढायचे आणि मग हळूहळू उतरायचे. चांगलं चाललेलं यंत्र उगीच खोलल्याने, पुन्हा जोडताना होणाऱ्या चुकांमुळे नवे बिघाड पदरात पडत होते. पुढे १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी केलेल्या अहवालात दिसलं, की तपासलेल्या भागांपैकी फक्त ११ टक्के भाग वय झालं म्हणून बिघडण्याच्या गटात बसत होते. ६८ टक्के भागांत बिघाडाचा धोका सर्वांत जास्त होता तो बसवल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात.

माग म्हणजे विमान नव्हे, हे खरं. पिकर, धोटा, पट्टा, बुश यांसारखे भाग घासूनच संपतात, आणि त्यांना ठरलेल्या मुदतीने बदलणं योग्यच. पण गिअर, शाफ्ट, चांगलं चाललेलं बेअरिंग केवळ तारीख आली म्हणून खोलू नये. हात लावून तापलंय का पाहावं, आवाज ऐकावा, हलवून ढिलाई बघावी. लक्षण दिसलं तर खोलावं. अनुभवी जॉबर वर्षानुवर्षं हेच करत आलाय. त्याच्या कानाला शास्त्राचा आधार आहे, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

"मोटर जळते ती लाइटमुळेच"

या समजामागे भिवंडीचा खरा इतिहास आहे, म्हणून तो पूर्ण खोटा नाही. २६ जानेवारी २००७ रोजी महावितरणने भिवंडीचं वीजवितरण टोरंट पॉवरकडे सोपवलं. देशातला हा अशा प्रकारचा पहिला प्रयोग. त्याआधी विजेची गळती निम्म्याहून जास्त होती आणि वर्षाला शंभरातले चाळीसच्या आसपास ट्रान्सफॉर्मर जळत. ट्रान्सफॉर्मर नीट राखला तर दशकंच्या दशकं टिकतो. इथे ते म्हातारपणाने मरत नव्हते, न मोजलेल्या भाराने मरत होते. मीटर बदलले गेले, क्षमता वाढवली गेली, भार वाटला गेला, देखभालीला शिस्त आली आणि ट्रान्सफॉर्मर जळण्याचं प्रमाण काही टक्क्यांवर उतरलं. यात मोठी गुंतवणूक होती हेही सांगितलं पाहिजे. केवळ तेलपाण्याने ते झालेलं नाही. पण आधी मोजलं, मग कारण शोधलं, मग पैसे घातले, हा क्रम एका गाळ्यालाही लागू पडतो.

कारण मोटर जळण्याची बरीच कारणं विजेच्या मीटरच्या अलीकडे, आपल्या भिंतीच्या आत असतात. तीन फेजमधल्या दाबात साडेतीन टक्क्यांचा फरक पडला तरी मोटरची तापवाढ सुमारे पंचवीस टक्क्यांनी जास्त होते. हा फरक पुष्कळदा आपल्याच बोर्डातल्या सैल जोडणीमुळे किंवा काळवंडलेल्या स्विचमुळे आलेला असतो. मोटरच्या पाठीवरच्या पंख्यांत लव अडकली की उष्णता बाहेर पडत नाही. गुंडाळीचं तापमान सोसण्याच्या मर्यादेपेक्षा दहा अंशांनी जास्त राहिलं की तिच्या इन्सुलेशनचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. म्हणजे रोज फिरवलेला एक कोरडा ब्रश मोटरचं आयुष्य वाढवतो. आगीचा धोका कमी होतो तो वेगळाच.

जळालेली मोटर रिवाइंड करावी का? करावी, पण कशी ते बघून. जुनी तार काढण्यासाठी मोटर उघड्या आगीत भाजली तर आतल्या लोखंडी पत्र्यांचा गाभा खराब होतो आणि मोटर कायमची जास्त वीज खाऊ लागते. तापमान सांभाळून, मूळ तारेची जाडी आणि वेढे तसेच ठेवून केलेलं रिवाइंडिंग जवळपास मूळच्याइतकं चालतं. महिन्याला ४५० युनिट घेणाऱ्या मोटरची कार्यक्षमता ७५ वरून ७२ टक्क्यांवर आली तर तिला सुमारे १९ युनिट जास्त लागतात. चोवीस मोटरींचं मिळून महिन्याला ४५० युनिट होतात. म्हणजे नसलेल्या पंचविसाव्या मागाचं बिल आपण भरत राहतो.

"नवी मशीन घेतली की कटकट संपली"

धोट्याशिवाय चालणाऱ्या नव्या रॅपिअर मागाला जास्त नेमकं तेल, जास्त स्वच्छ हवा, जास्त स्थिर वीज आणि इलेक्ट्रॉनिक्स जाणणारा माणूस लागतो. जुन्या सवयी तशाच राहिल्या तर ती मशीन जुन्यापेक्षा आधी थकते, आणि कर्जाचा हप्ता मात्र थकत नाही. दुसरीकडे साधा माग आहे तिथेच सुधारता येतो. १ एप्रिल २०१७ रोजी केंद्राची 'पॉवरटेक्स इंडिया' योजना सुरू झाली ती भिवंडीतूनच. तिच्यात साध्या मागांना बाणा किंवा ताणा तुटला की आपोआप थांबण्याची सोय, चांगला ब्रेक, तेल न लागणारे नायलॉनचे भाग, कापडावर पट्टे उमटू न देणारं उपकरण अशा जोडण्यांसाठी अनुदान होतं. भिवंडीसह यंत्रमागांच्या गावांत सेवा केंद्रंही आहेत. तिथे आधी विचारावं, मग मशीनच्या दुकानात जावं.

धागा तुटला की आपोआप थांबणारा माग ही कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी. जपानच्या साकिची टोयोडा यांनी १८९६ मध्ये बाणा तुटताच थांबणारा यंत्रमाग बनवला. १९२४ मध्ये त्यांचा 'जी' प्रकारचा स्वयंचलित माग आला आणि १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या मागनिर्मात्या कंपनीला विकले गेले. साकिचींच्या मुलाने पुढे मोटारींचा धंदा उभारला, तोच टोयोटा. त्याच समूहातल्या निप्पॉनडेन्सो कंपनीने १९७१ पर्यंत देखभालीची अशी पद्धत बसवली, की यंत्र चालवणारा माणूसच ते पुसतो, तेल देतो आणि लक्षणं टिपतो, आणि अवघड दुरुस्ती तेवढी तज्ज्ञाकडे जाते. आठ मागांवरचा आपला कारागीर नख फिरवून तेच करत होता. फरक एवढाच की तिथे ते काम नोकरीचा भाग होतं.

"बॉयलरचं सर्टिफिकेट आहे, वर्षभर चिंता नाही"

ताण्याला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यांसाठी एवढंच. सर्टिफिकेट तपासणीच्या दिवसाची अवस्था सांगतं. पाण्याची पातळी दाखवणारी काच, सेफ्टी व्हॉल्व्ह, ब्लोडाउन आणि पाण्याची तपासणी ही रोजची कामं आहेत. आत क्षाराचा थर साठला तर इंधन जास्त जळतं, आणि नळी तापून फुटण्याचा धोका वाढतो.

सुरुवात करायला एक शाळकरी वही पुरते. मागाचा नंबर, तारीख, किती वेळ थांबला, कशामुळे. महिनाभराने उलटून बघितली की एखाद्या मागासमोर 'धोटा अडकला' तीन-चार वेळा लिहिलेलं सापडतं, आणि बाकी तेवीस मागांसमोर जवळजवळ काहीच नाही. त्या एका मागाचा पिकर काढून भोकात बोट घालून बघायचं. एका बाजूला झिजलेलं असेल तर बदलायचा, आणि त्याची किंमत त्याच ओळीत पुढे लिहायची.