आधी नमुना, मग कारखाना



कल्याणहून कर्जतकडे गाडी निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशने लागतात. आपल्यातल्या बऱ्याच घरची पोरे तिकडे नोकरीला आहेत. त्यांपैकी अंबरनाथला १९५३ साली सरकारने 'मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी' काढली. प्रोटोटाइप म्हणजे पहिला नमुना. आधी एक नग करायचा, तो वापरून पाहायचा, खोट निघाली तर काढायची आणि मगच पुढचे नग करायचे, हा यंत्रधंद्यातला रिवाज आहे. आपल्यालाही तो नवा नाही. नवीन बेणे आले म्हणून कोणी शहाणा माणूस एकदम दहा एकरांत लावत नाही. आधी चार सऱ्या लावून बघतो.

हाच नियम संगणकाच्या सॉफ्टवेअरलाही लागू आहे. ऊस नोंद, तोडणीचा प्रोग्रॅम, काटा आणि बिल ही सारी कामे आता त्याच्यावर चालतात. तिथली चूक कागदावर राहत नाही, फडात उतरते. ८ जुलैची लागण कोणी ८/७ अशी लिहिली आणि यंत्राने ती ७ ऑगस्ट वाचली, तर तोड महिनाभर मागे पडते. उसाला तुरा येतो, वजन घटते आणि तोटा सभासदाचा होतो. तसेच क्षेत्राचे. दीड एकर म्हणजे सुमारे ६० आर. हेक्टरच्या रकान्यात कोणी नुसते १.५ टाकले की क्षेत्र अडीच पट होऊन बसते. बिलाचीही तीच गत. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात. संगणक अडला म्हणून हे दिवस वाढत नाहीत.

या बाबतीत वारणेचे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. १९९८ साली वारणा खोऱ्यात गावोगावी संगणक केंद्रे उघडण्याची योजना सुरू झाली. पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी या केंद्रांचा प्रत्यक्ष वापर कसा होतो ते पाहिले. संगणकावर मुख्यतः ऊस कारखान्याचेच काम होत होते. तेवढे काम मोबाइलच्या एसएमएसवर भागेल, असे त्यांना वाटले. पण त्यांनी एकदम सगळीकडे बदल केला नाही. सात गावांत आठ महिने चाचणी घेतली. संगणकावरची सगळी कामे मोबाइलवर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही तीच पद्धत जास्त पसंत पडली. सर्व ५४ गावांत बदल केला तर वर्षाला दहा लाख रुपये वाचतील, असा हिशेब मग मांडता आला.

चाचणी घ्यायची तर ज्याला ते काम रोज करायचे आहे, त्याच्या हातूनच घ्यावी. साहेबांनी केबिनमध्ये बसून "झकास आहे" म्हटले, ही चाचणी नव्हे. स्लिपबॉयला बांधावर, काटा क्लार्कला रात्रपाळीत आणि सभासदाला त्याच्याच मोबाइलवर काम करू द्यावे. शेजारी बसणाऱ्याने मध्येच शिकवू नये. कुठे बोट अडते ते मुकाट लिहून घ्यावे. जेकब नील्सन या तज्ज्ञाने २००० साली मांडले की अशा पाच माणसांकडूनच बहुतेक अडचणी उघड होतात. म्हणजे फार मोठ्या खर्चाचीही बाब नाही.

मात्र सोपी प्रकरणे देऊन भागणार नाही. एकाच नावाचे दोन सभासद, भावाभावांत वाटलेला एकच गट नंबर, मयत सभासदाचे वारस, लागणीचा झालेला खोडवा, अशी गुंत्याची प्रकरणे मुद्दाम घालून पाहावीत. शिवाय जुने रजिस्टर लगेच माळ्यावर टाकू नये. काही दिवस दोन्ही हिशेब शेजारी शेजारी चालवावेत आणि टनेज नि रक्कम पैशापर्यंत जुळली की मगच जुने बंद करावे.

यात सभासदांचेही काम आहे. चाचणीला बोलावणे आले तर "आम्हांला काय कळतंय त्यातलं" म्हणून घरी बसू नका. जिथे तुम्हांला कळत नाही, तिथेच दुरुस्ती हवी असते. आपली नोंद वाचून घ्या, लागणीची तारीख आणि क्षेत्र स्वतः पाहा, चूक दिसली की गट ऑफिसात सांगा. गाळप सुरू होण्याआधी निघालेली चूक एका सहीने सुटते. हंगामात निघाली तर तिच्यापायी ऊस फडात उभा राहतो.