सेंद्रिय द्राक्षशेती : फ्रान्समधील लहान मळ्यांचे अर्थकारण

सेंद्रिय शेती म्हणजे फवारणीविना शेती, असा समज रूढ आहे. फ्रान्समध्ये स्वतःच्या द्राक्षांपासून वाइन तयार करणाऱ्या लहान मळ्यांचा अनुभव वेगळा आहे. तेथे फवारणी थांबत नाही. खर्चाचे आणि जोखमीचे स्वरूप मात्र बदलते.

अमेरिकेतून आलेल्या डावणी या बुरशीजन्य रोगाने १८७८ पासून फ्रेंच द्राक्षवेलींना ग्रासले. मोरचूद व चुन्याचे मिश्रण त्यावर गुणकारी असल्याचे बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे यांनी १८८५ मध्ये दाखवून दिले. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना परिचित असलेले बोर्डो मिश्रण ते हेच. सेंद्रिय बागेत कृत्रिम बुरशीनाशके वर्ज्य असल्याने डावणीसाठी तांबे व भुरीसाठी गंधक यांवरच मुख्य भिस्त असते.

तांबे पानाच्या आत शिरत नाही. पावसाने ते धुऊन गेले की पुन्हा फवारावे लागते. शिवाय ते जमिनीत साठून गांडुळांना अपाय करते. म्हणून युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलोग्रॅम, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलोग्रॅम, अशी मर्यादा घातली. परिणामी, ज्या वर्षी पाऊस अधिक, त्याच वर्षी ही मर्यादा जाचक ठरते. २०१८ मध्ये बोर्डो परिसरातील काही सेंद्रिय मळ्यांचे पीक डावणीमुळे मोठ्या प्रमाणावर बुडाले.

तणनाशकांऐवजी वेलींच्या बुंध्यालगत यंत्राने मशागत करावी लागते. ओळींमध्ये राखलेले गवत मातीची धूप रोखते. परंतु कोरड्या वर्षी ते वेलींच्या वाट्याचे पाणी घेते. अशा प्रकारे रसायनांवरील खर्चाची जागा मजुरी व इंधन घेतात. त्यातच परिवर्तनाच्या तीन वर्षांत खर्च सेंद्रिय शेतीचा होतो. सेंद्रिय म्हणून मिळणारा भाव मात्र मिळत नाही.

हा खर्च भरून निघणे विक्रीव्यवस्थेवर अवलंबून असते. २०१२ च्या हंगामापासून युरोपात बाटलीवर 'सेंद्रिय वाइन' असा उल्लेख करण्याची मुभा मिळाली. स्वतःच्या नावाने बाटल्या विकणाऱ्या मळ्याला तिचा थेट लाभ होतो. घाऊक व्यापाऱ्यास माल देणाऱ्याच्या हाती त्यातील थोडाच हिस्सा पडतो.

प्रमाणपत्र बाजारपेठ मिळवून देते, परंतु पावसाची जोखीम उत्पादकाच्याच माथी राहते. म्हणूनच परिवर्तनकाळातील अर्थसाहाय्य, पीकविमा आणि रोगप्रतिकारक वाण यांची जोड मिळाल्याखेरीज लहान उत्पादकाने केवळ चढ्या भावाच्या आशेवर हा मार्ग पत्करणे हितावह ठरणार नाही.